मंडळाच्या पातेल्याला पाडलेलं भोक

उज्जू,

पातेल्याला भोक कुणी पाडलं हे परवा पाडव्याला सगळ्यांना कळलं. मीच सांगितलं. तुला जाऊन जेमतेम पाच आठवडे झालेत आणि तेवढे दिवस मी तोंड शिवून बसले होते. आधी हे कबूल करते, मग बाकीचं.

तुझ्याबद्दल मंडळाच्या ग्रुपवर बरंच लिहून आलं. हसतमुख, मनमिळाऊ, सर्वांच्या मदतीला धावून जाणारी. वाचताना मला प्रश्न पडला, ही कोण बाई? गॅस प्लांटवर पाइपांचे जोड तपासणारी, वेल्डरने दिवसभर घाम गाळून केलेलं काम एका नजरेत नापास करणारी, 'कट इट आउट, डू इट अगेन' एवढंच बोलून पुढे जाणारी माझी मैत्रीण त्यात कुठे दिसेना. तुला हसतमुख म्हणणाऱ्यांनी तुला शनिवारी सकाळी घराखाली, बर्नरपाशी, माझ्याशी भांडताना पाहिलेलं नाही. आणि तू घरी बिअर करायचीस हे तर कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी कुणी लिहिलं नसतं म्हणा.

आपली ओळख गणपतीतली, पण मैत्री बिअरमधली. कामावरच्या कुणीतरी तुला बिअर करायचं किट दिलं होतं. तुझी पहिली खेप आंबूस झाली आणि तू मला फोन केलास, कारण मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जंतू वाढवते. "मेधा, यीस्ट मेलं की काय मेलं ते येऊन सांग." मी आले, वास घेतला, म्हटलं, तुझी पाइप धुतलेलीच नाही. तू म्हणालीस, धुतली होती. तिथून जे भांडण सुरू झालं ते चार वर्षं चाललं. मी बिअर तेव्हाही पीत नव्हते, आजही अर्ध्या ग्लासापुढे माझी गाडी जात नाही. मी यायचे ती भांडायला, आणि तेही मराठीत. नवरा, आनंद, पुण्यात सासूबाईंच्या आजारपणात अडकलेला, लेक मेलबर्नला युनिव्हर्सिटीत, फोनवर मी मराठीत विचारते आणि ती इंग्लिशमध्ये उत्तर देते. आठवड्यातून एकदा, शनिवारी, मी तुझ्याकडे पोटभर मराठी बोलून यायचे. तुला हे मी कधी सांगितलं नाही. तुला वाटायचं, मला यीस्टमध्ये इंटरेस्ट आहे.

आता पातेलं. पन्नास लिटरचं, स्टीलचं, कुणीतरी घरसामानाच्या कंटेनरमधून इथे आणलेलं. काठाखाली कोरलेलं, 'देशमुख परिवाराकडून मंडळास सप्रेम भेट'. देशमुख परिवार कधीच पर्थला गेला. डार्विनमध्ये माणसं येतात, दोन-तीन वर्षांत सामान बांधतात, पातेली तेवढी मागे राहतात. तुझं घर इथल्या जुन्या घरांसारखं खांबांवरचं, खाली ऐसपैस फरशी, म्हणून मंडळाचं सगळं सामान तुझ्याकडे. पाडव्याला आणि गणपतीला आमटीसाठी पातेलं बाहेर निघायचं, एरवी त्यात पाली नांदायच्या. तुझं वीस लिटरचं भांडं तुला पुरेना. तू पातेल्याकडे बघितलंस, मी तुझ्याकडे बघितलं.

"अगं, मंडळाचं आहे. गणपतीची आमटी होते त्यात."

"सातूच उकळायचेत, मेधा. सातूंनी कुणाचं काय घोडं मारलंय?"

झालं. पण चाळीस लिटर उकळता काढा उचलून ओतणार कोण? मगाने काढताना तू मनगट भाजून घेतलंस तेव्हा ठरलं, पातेल्याला खाली नळ हवा. नळ हवा तर भोक हवं. भोक मी पाडलं. तू पातेलं मांडीत घट्ट धरून बसलीस, आतून लाकडाचा ठोकळा दाबलास आणि मी तेलाचे थेंब सोडत सोडत हळूहळू ड्रिल चालवलं. हे काम तुझं होतं, पण तुझं मनगट बँडेजमध्ये होतं. आणि शहाणपणा किती, तर देशमुखांच्या नावाच्या बरोबर मागच्या बाजूला पाडलं, म्हणजे पंगतीत ती बाजू भिंतीकडे करता येईल. पन्नाशीला आलेल्या दोन बायका, चोरून मंडळाचं पातेलं फोडत होत्या. ड्रिल आरपार गेलं तेव्हा आपण दोघी इतक्या हसलो की शेजारचा बिल कुंपणावरून विचारायला आला, "यू लेडीज ओके?"

खरं भांडण त्या भोकापासून सुरू झालं. नळ बसवायचे मार्ग दोन. एक म्हणजे भोकाभोवती आट्यांचा तुकडा वेल्ड करून टाकायचा आणि नळ त्यात फिरवायचा. जन्माचं काम. दुसऱ्यात वेल्डिंगच नाही. भोकातून आट्यांचा तुकडा घालायचा, वॉशर लावायचे, रबराची रिंग बसवायची, नट आवळायचा. हवं तेव्हा खोलता येतं. कुणालाही वाटेल, जन्मभर वेल्डिंग पाहिलेली बाई वेल्ड म्हणणार आणि लॅबमधली बाई म्हणणार, चालेल कसंही. आपलं नेमकं उलटं.

"मी पंचवीस वर्षं वेल्ड नापास करत आलेय," तू म्हणालीस. "मला विचार आत काय असतं ते. हा पत्रा किती पातळ आहे बघ. वेल्ड करताना आतून गॅस नीट दिला नाही तर मागच्या अंगाला साखरेसारखी खरखरीत खपली येते. तिथे गंज चढतो आणि तिथेच तुझे किडे संसार थाटतात."

"आणि रबराच्या रिंगखालच्या फटीत कोण राहतं? भाडेकरू?"

"तासभर उकळतंय ते, मेधा! काय जगणार आहे त्यात?"

"फटीत उकळी पोचते हे तू बघितलंयस?"

"म्हणून तर खोलून धुवायचं. खोलता येतं म्हणून तर म्हणतेय ना मी!"

आपण दोघी आपापल्या धंद्यातल्या भुतांना घाबरत होतो, बाकी काही नाही. तुला जोड दिसला की त्यातली भेग दिसायची, मला फट दिसली की त्यातला जंतू. तू घर तुझं म्हणून जिंकलीस आणि आपण वेल्ड न करता नळ बसवला. तो गळला. पहिल्याच दिवशी. टप टप टप, थेंब बर्नरवर, आणि सगळ्या घराखाली करपलेल्या साखरेचा वास. मी हाताची घडी घालून उभी राहिले. तू वरून आमटीची एक वाटी आणलीस, नळाखाली तिरकी अडकवलीस आणि शांतपणे म्हणालीस, "गळतंय कुठे? वाटीत पडतंय."

ती वाटी दोन वर्षं तिथे होती. तू रिंग बदललीस, मग सिलिकॉनची आणलीस, मग आतून लावलीस, मग बाहेरून. प्रत्येक वेळी वाटीत चार चमचे जमायचेच. मी ती वाटी तुझ्यापुढे धरायचे. एरवी हवामानापासून माझ्या लेकीच्या बॉयफ्रेंडपर्यंत सगळ्यात तूच बरोबर निघायचीस आणि भुवया उंचावून म्हणायचीस, "सांगत नव्हते?" या एका वाटीपुरती मी बरोबर होते. मला ती सोडवेना.

म्हणून मी तो आगाऊपणा केला. जानेवारीतला तो शनिवार. पाऊस धो धो. तू दुकानात गेली होतीस आणि मी पातेलं गाडीत टाकलं, विनेलीतल्या एका वेल्डरला आधीच फोन करून ठेवला होता. वेल्ड करून परत आणायचं, कोरडी वाटी तुझ्या हातात द्यायची आणि एकदा तरी आपण म्हणायचं, सांगत नव्हते? अर्ध्या वाटेत तुझा फोन.

"पातेलं कुठंय?"

"विनेलीला नेतेय."

"परत फिर."

"उज्जू, एक तासाचं काम आहे."

"मेधा, ते आपलं नाहीये. नळ काढून, भोक बुजवून ते पाडव्याला मंडळाला द्यायचंय. वेल्ड केलंस तर मी काय देऊ? नळाचं पातेलं?"

मला हे तू आधी कधी सांगितलंच नव्हतं. दोन वर्षं पत्रा, गॅस, खपली, सगळं सांगितलंस. लोकांची वस्तू जशीच्या तशी परत करायची म्हणून वेल्ड नको, हे एक साधं कारण तेवढं पोटात ठेवलंस. आणि त्या दोन वर्षांत पाडव्याला नि गणपतीला 'आमटी मी घरी करून आणते' म्हणत वेगळ्या चार भांड्यांत का करत होतीस, तेही मला तेव्हा उमगलं. मला लाज वाटायला हवी होती. वाटला राग. "कोण बघतंय गं वर्षातून दोनदा?" असं म्हणाले मी. मग परत फिरले, पातेलं तुझ्या जिन्याखाली पावसात ठेवलं आणि गाडीत बसले. तू वर खिडकीच्या काचपट्ट्यांतून ओरडलीस, "चहा तरी घेऊन जा!" मी काच वर केली.

अकरा दिवस आपण बोललो नाही. फोन तू करशील म्हणून मी वाट पाहिली. तू काय केलंस ते मला नंतर कळलं. त्या आठवड्यात तुझ्या घराखाली पाणी भरलं आणि तू अनवाणी उभी राहून आंब्याखालची नाली मोकळी केलीस. बिलने सांगितलं. तुला डायबिटीस, आणि इथल्या पावसाळी मातीतले जंतू पायाच्या चिरेतून रक्तात शिरतात, डायबिटीसवाल्यांना तर आधी गाठतात, हे तुला माझ्याइतकं कुणी सांगितलेलं नाही. दर पावसाळ्यात माझं एकच पालुपद असायचं, बूट घाल, हातमोजे घाल. तू म्हणायचीस, "तुझ्या लॅबमध्ये सगळेच जंतू वाघ असतात." भांडणानंतरच्या शनिवारी मी आले असते तर तुला ओरडले असते. त्याच्या पुढच्या बुधवारी आले असते तर तुझा ताप पाहिला असता आणि फरफटत नेलं असतं. हे मी रोज म्हणते. डॉक्टर म्हणतात, तसं सांगता येत नाही. मीही दुसऱ्या कुणाला हेच सांगितलं असतं.

बाराव्या दिवशी सकाळच्या शिफ्टला लॅबमध्ये तपासायला रक्ताच्या बाटल्या आल्या. एकीवर तुझं नाव. मी जन्मतारीख वाचली, परत वाचली, बाटली शेजारच्या मुलीच्या हातात दिली आणि जिने चढत वर धावले. तोवर तुझ्या तोंडात नळी होती. मी हात धरून बसले. खूप बोलले, मराठीत. नर्स बिचारी मान हलवत होती. फक्त 'सॉरी' म्हणाले नाही, कारण सॉरी म्हटलं तर तू जाणार आहेस हे मान्य केल्यासारखं झालं असतं. तुझ्या डाव्या हाताच्या अंगठ्याच्या नखाखाली निळाकाळा डाग होता. कशाचा, तेव्हा कळलं नाही. तिसऱ्या दिवशी तू गेलीस.

आणि मग मी जे केलं ते. तुझ्या घरी सगळे जमले होते. मंडळाचा सेक्रेटरी सचिन घराखाली खुर्च्या काढायला गेला आणि त्याला पातेलं दिसलं. "अरे, याला भोक कसं पडलं? उज्ज्वलाताईंनी पाडलं का?" सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण तुझ्याकडे सगळ्यात जास्त मीच यायचे. मी म्हटलं, "असेल."

असेल! भोक पाडताना पत्र्यातून हाताला लागलेली थरथर मला अजून आठवते, आणि मी म्हटलं, असेल. गेलेल्या माणसाबद्दल कोण बोलतं? पण मंडळाचं पातेलं हिने खासगी वापरलं, हे चेहऱ्याचेहऱ्यावर मला वाचता आलं. हसतमुख, मनमिळाऊ आणि जरा अशी. आयुष्यभर दुसऱ्याच्या कामातली भेग लपू दिली नाहीस तू. तुझ्या नावाला मी भेग पाडली आणि वर रंग फासून गप्प बसले.

पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात निनाद ब्रिस्बेनहून घर आवरायला आला. तुझा मुलगा तुझ्यासारखाच, कपाटं रिकामी करताना प्रत्येक खोक्यावर यादी चिकटवत होता. मला फोन केला, "मावशी, कॅन यू कम? आय फाउंड समथिंग. इट्स इन मराठी, आय कान्ट रीड इट."

तुझ्या हत्यारांच्या खणात एक छोटी झिपची पिशवी होती. आत स्टीलचं जाड बूच आणि त्याचा नट, दोन सिलिकॉनच्या रिंगा आणि कामावर तू जोडांना बांधायचीस तसलं लेबल. त्यावर तुझं ते किरटं अक्षर. 'बूच, पाडव्यासाठी. पाणी भरून चोवीस तास. गळती नाही. पास.' आणि खाली, 'मेधाला पाडव्याला दाखवायचं. तोवर गप्प.'

मी पातेल्याकडे गेले. भोकाभोवती पत्रा बाकदार होता म्हणूनच रिंग कधी नीट बसत नव्हती. तू तेवढीच जागा ठोकून सपाट केली होतीस, रुपयाएवढी, आरशासारखी. भोसरीच्या वर्कशॉपमधला तुझ्या बाबांचा लाकडी हातोडा शेजारी पडला होता. मग मला तो निळा अंगठा कळला. तू माझ्यावर रुसलीस असं मला वाटत होतं त्या दिवसांत तू खाली बसून हे करत होतीस. तू रुसलीच नव्हतीस. तू उत्तर तयार करत होतीस.

"व्हॉट डझ इट से?" निनादने विचारलं. त्याला मराठी कळतं, वाचता येत नाही. तुझं अक्षर वाचणारी या गावात मी एकटीच उरले.

"इट सेज पास," मी म्हटलं.

"मॉम नेव्हर पास्ड एनीथिंग," तो म्हणाला, आणि मग आम्ही दोघं तुझ्या फरशीवर बसून रडलो. त्याने मला पाणी आणून दिलं. चांगला मुलगा आहे गं.

पाडव्याला आमटी मी केली. त्याच पातेल्यात. बूच मी लावलं, आतून एक रिंग, बाहेरून एक, नट हाताने घट्ट आणि मग पाव फेरा पान्याने, तू शिकवलंस तसं. हॉलच्या स्वयंपाकघरात सचिनला ते बूच दिसलं आणि तो चमचा हातात घेऊन थांबला. मी नावाची बाजू भिंतीकडे केली होती, उज्जू. भोक पुढे.

"हे भोक मी पाडलं," मी म्हटलं. जरा जोरातच निघालं. पुऱ्या लाटणाऱ्यासुद्धा थांबल्या. "उज्ज्वलाने नाही. ड्रिल माझ्या हातात होतं. आम्ही याला नळ लावून यात बिअर करायचो. मी त्या दिवशी खोटं बोलले. आणि हे भोक बुजवून पातेलं परत करायचं, यासाठी ती शेवटपर्यंत माझ्याशी भांडली. हे बूच तिने केलंय."

मग सचिनच्या आई, त्या पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्यात, लाटणं बाजूला ठेवून म्हणाल्या, "बिअर करत होतात आणि आम्हाला थेंब नाही?" सगळे हसले. सचिन म्हणाला, "मावशी, गणपतीला बूच काढून नळच लावा ना. आमटी वाढायला केवढी इझी!"

बघ, दोन वर्षं ज्याला तू घाबरत होतीस ते हे. नळाचं पातेलं. त्यांना ते हवं होतं. तुला हे सांगायला मी मागे वळले. अगदी खरं सांगते, वळले. 'अगं ऐकलंस का' एवढं तोंडात आलं होतं. मागे फ्रिज होता.

तेव्हापासून मला कळतंय की एकटं असणं म्हणजे काय. घरात कुणी नसणं याची मला सवय आहे. पण एखादी गोष्ट घडते आणि ती ज्या एका माणसाला सांगितल्याशिवाय पुरी होत नाही, ते माणूस नाही. शनिवार येतो, मी सकाळी गाडीची किल्ली घेते आणि परत खुंटीला लावते. लेक फोनवर म्हणते, "आई, जॉइन अ क्लब ऑर समथिंग." मी म्हणते, हो. कुठल्या क्लबात मला कुणी 'तुझे किडे' म्हणणार आहे?

तुझे आभारही मानायचेत, ते राहूनच जातंय. मला चार वर्षं अशा जागी माणूस दिलंस जिथे कुणी टिकत नाही. मी चुकीची असताना मला चहाला हाक मारलीस. ती हाक मी काच वर करून ऐकली, पण ऐकली. तेवढं तुला कळलं असेल अशी आशा आहे.

जेवणं झाली, पातेलं रिकामं झालं. मी सवयीने ती जुनी वाटी बुचाखाली ठेवली होती, सकाळपासून. कुणाचं लक्ष नव्हतं. सगळे गेल्यावर मी खाली वाकले आणि बोट फिरवून पाहिलं. कोरडी. टिपूसही नाही. चाळीस लिटर आमटी, चार तास, आणि वाटी ठणठणीत कोरडी.

वाटी घरी आणलीये. ओट्यावर आहे. मी हरले, उज्जू, साफ हरले. आता एकदाच म्हण ना, सांगत नव्हते?